जुनी स्पोर्ट्स बाईक कोल्हापुरात चालवायची आणि टिकवायची तर

सेकंडहँड करिझ्मा किंवा पहिली आर-१५ बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "रनिंग किती झालंय?" पंधरा वर्षांच्या गाडीला हा प्रश्न विचारून फारसं काही हाती लागत नाही. मीटर बदललेला असतो, केबल तुटून कितीतरी दिवस आकडा हललेलाच नसतो, आणि आकडा खरा असला तरी तो अर्धीच गोष्ट सांगतो. वीस हजार किलोमीटर चालून सहा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिलेली गाडी ही रोज शिरोली एमआयडीसीला जाऊन येणाऱ्या साठ हजारांच्या गाडीपेक्षा जास्त खर्च काढते. रबर, ब्रेक ऑईल, कूलंट, ग्रीस, बॅटरी, टायर या गोष्टी किलोमीटरने कमी आणि वर्षांनी जास्त खराब होतात. म्हणून जुन्या गाडीचं वय मोजा, रनिंग नंतर.

इथं दोन गाड्या डोळ्यासमोर ठेवल्या आहेत. २००३ ची हिरो होंडा करिझ्मा, म्हणजे २२३ सीसी, हवेवर थंड होणारं इंजिन आणि कार्बोरेटर. दुसरी २००८ ची यामाहा आर-१५, म्हणजे १५० सीसी वर्गातलं चार व्हॉल्व्हचं, कूलंटवर थंड होणारं इंजिन आणि फ्युएल इंजेक्शन. पल्सर २२०, अपाची आरटीआर, सीबीआर २५०आर, निंजा २५०आर यांपैकी काही असेल तरी बहुतेक कामं या दोघींपैकी एकीसारखीच असतात. नेमके टॉर्क आणि क्लिअरन्सचे आकडे मात्र आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. शेजारच्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावायचा नाही.

गाडी घरी आली की लगेच सायलेन्सर, मोठा टायर, रंगीत लिव्हर यांच्या मागे लागू नका. आधीच्या तीन-चार मालकांनी काय केलंय ते कुणालाच माहीत नसतं. तेव्हा काहीच झालेलं नाही असं धरून ब्रेक, टायर, इंजिन ऑईल, पेट्रोलची वाट, कूलंट, चेन आणि वायरिंग याच क्रमाने गाडी एकदा पूर्ण हाताखालून घाला. क्रम महत्त्वाचा आहे. पिकअप सुधारला आणि ब्रेक तसाच राहिला, तर गाडी आधीपेक्षा धोक्याची झाली.

ब्रेक: इथं वेळ द्या

हँडलवर ब्रेक लिव्हरजवळ असलेल्या मास्टर सिलिंडरच्या काचेतून तेल बघा. नवं ब्रेक ऑईल फिकट पिवळं असतं. चहासारखं दिसलं तर ते कित्येक वर्षांचं आहे. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी मिसळलं की त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो, आणि आंबा घाट किंवा करूळ घाट उतरताना कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापला की तेलात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणून लिव्हर हँडलला टेकतो आणि गाडी थांबत नाही. सपाटीवर शहरात हा दोष कधीच दिसत नाही, त्यामुळे "ब्रेक एकदम ओके" या विक्रेत्याच्या शब्दाला काही अर्थ नाही. दर दोन वर्षांनी तेल बदलायचं. झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं. डॉट ४ सगळीकडे मिळतं आणि डॉट ३ च्या जागी चालतं. डॉट ५ वेगळंच, सिलिकॉनचं असतं. ते घालायचं नाही.

पुढचा कॅलिपर असा साफ करा:

१. कॅलिपरचे दोन बोल्ट काढा. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने फोर्कला बांधा. पॅड काढून जाडी बघा. खाचा दिसेनाशा झाल्या असतील किंवा लायनिंग २ मिलिमीटरवर आलं असेल तर पॅड बदला. दोन पॅड कमी-जास्त झिजलेले दिसले तर स्लाइड पिन अडकलीय.

२. पिस्टनच्या समोर लाकडाची पट्टी धरून लिव्हर हळू दाबा. पिस्टन ८ ते १० मिलिमीटर बाहेर येऊ द्या, पूर्ण नको. बाहेर आलेल्या भागावर काळा-तपकिरी थर दिसेल. तो जुन्या टूथब्रशने आणि ब्रेक ऑईलनेच घासा. पेट्रोल, डिझेल, गंज काढायचा स्प्रे यातलं काहीही लावलं तर सील फुगतं आणि पिस्टन जाम होतो. पॉलिश पेपर तर जवळही आणू नका.

३. मास्टर सिलिंडरवरच्या ब्रेक ऑईलच्या टाकीचं झाकण सैल करून त्याच्याभोवती ओलं फडकं गुंडाळा, कारण सांडलेलं तेल रंग सोलून काढतं. मग पिस्टन अंगठ्यांनी मागे ढकला. अंगठ्यांनी जात नसेल, शिकंजा लावावा लागत असेल, तर सील किट बदलायची वेळ झाली. पिस्टनला गंजाचे खड्डे असतील तर नुसतं सील बदलून आठ-पंधरा दिवसांत पुन्हा गळती.

४. स्लाइड पिना काढा, पुसा, आणि सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलं तर रबराचे बूट सुजतात. हे काम बाहेर क्वचितच कुणी करतं, आणि नव्या पॅडनंतरही ब्रेक जड लागण्याचं निम्मं कारण इथंच असतं.

५. आता हवा काढणे. ब्लीड निपलला ८ नंबरचा रिंग पाना, वर पारदर्शक पाइप, पाइपचं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या तेलात बुडवलेलं. लिव्हर तीन-चार वेळा दाबून धरून ठेवा, निपल पाव फेरा उघडा, लिव्हर हँडलपर्यंत गेला की आधी निपल बंद आणि मगच लिव्हर सोडा. उलट केलं की हवा परत आत जाते. टाकीतली पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका. एका ब्रेकचं सगळं तेल बदलायला १५० ते २०० मिली पुरतं. उघडी राहिलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

६. सगळं करूनही लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर हवा बहुतेक वर, मास्टर सिलिंडरच्या जोडावर अडकलेली असते. हँडल वळवून मास्टर सिलिंडर सर्वात उंच येईल असं ठेवा, लिव्हर दाबून दोरीने बांधा आणि रात्रभर सोडा. सकाळी बहुतेक वेळा फरक पडलेला असतो.

रबराचा होज वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या किंवा तो मूळ, पंधरा वर्षांपूर्वीचाच असेल, तर प्रश्नच नाही, बदला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. ती मोजून बघा. काम संपल्यावर गाडी सुरू करण्याआधी लिव्हर चार-पाच वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिला ब्रेक लागतच नाही, आणि ते पहिल्या चौकात कळून उपयोग नाही.

टायर आणि पुढचा भाग

टायरच्या कडेला चार आकडे एका चौकटीत असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष: २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांपुढचा टायर काढा. रबर कडक झालं की पहिल्या पावसात ते रस्ता धरत नाही. माप मूळचंच ठेवा: करिझ्माला पुढे २.७५-१८, मागे १००/९०-१८. पहिल्या आर-१५ ला पुढे ८०/९०-१७, मागे १००/८०-१७. अरुंद रिमवर रुंद टायर घातला की तो कडेने गोल होतो, गाडी वळणावर जड पडते आणि ॲव्हरेज जातं.

मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर खटकन अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. तो आवळून काही होत नाही, आवळल्यावर उलट गाडी डोलते. फोर्कच्या नळीवर तेलाचं कडं दिसत असेल तर लगेच सील मागवू नका. धुळीचं सील पेचकसने अलगद वर उचला, जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापून ती आतल्या सीलच्या ओठाखाली सरकवा आणि नळीभोवती फिरवा. बऱ्याचदा नुसती माती अडकलेली असते. नळीवरच गंजाचे टोचे असतील तर कितीही सील घाला, ती फाटणारच. त्यासाठी नळी बदलणे किंवा हार्ड क्रोम करून घेणे एवढाच मार्ग. फोर्क ऑईल मॅन्युअलमधल्या मापाने, दोन्ही बाजूंना मेजरिंग सिलिंडरने मोजून तंतोतंत सारखं भरा. अंदाजाने भरलं तर खड्ड्यात गाडी एका बाजूला झुकते.

इंजिन ऑईल, फिल्टर आणि टॅपेट

दर ३,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असलं पाहिजे. कारचं तेल स्वस्त पडतं, पण या गाड्यांचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या तेलातले घर्षण कमी करणारे घटक क्लच प्लेटा घसरवतात. इंजिन कोमट असताना तेल काढा. काढलेलं तेल पांढऱ्या ताटलीत ओतून उजेडात बघा: बारीक राखाडी चमक असली तर चालतं, चिमटीत येणारे तुकडे असतील तर इंजिन उघडायची वेळ आहे, आणि दुधी रंग म्हणजे पाणी. तेलाला पेट्रोलचा वास येऊन पातळी वाढलेली असेल तर कार्बोरेटरची फ्लोट निडल गळतेय. तशा पातळ तेलावर गाडी पळवू नका.

ड्रेन बोल्ट आवळताना हात आवरा. ॲल्युमिनियमचे आटे एकदाच जातात. वॉशर नवा घाला, हाताने पूर्ण बसवा आणि मग टॉर्क रेंचने मॅन्युअलमधला आकडा लावा. तो साधारण २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. आधीच आटे गेलेले असतील तर शिवाजी उद्यमनगरात हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून मिळतं. एम-सील थापून चालवू नका.

उद्यमनगराचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाचा फरक. करिझ्माच्या ब्लॉकला लोखंडी लायनर, म्हणजे आतली नळी, आहे. धूर येऊ लागला की बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवता येतो, आणि हे काम करणारे हात कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आर-१५ चं तसं नाही. तिचा सिलिंडर डायासिल म्हणजे सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा आहे, लायनरच नाही. त्याला नेहमीच्या पद्धतीने बोअर करून नुसता मोठा पिस्टन बसवला तर सिलिंडरच्या भिंतीचा मूळ पृष्ठभागच जातो आणि गाडी पुन्हा धूर काढते. लोखंडी स्लीव्ह ठोकून गाडी चालू होते खरी, पण उष्णता आधीसारखी बाहेर पडत नाही. आर-१५ चा ब्लॉक आणि पिस्टन जोडीनेच बदलायचा, आणि विकत घेण्याआधी तो खर्च किमतीतून वजा करून सौदा करायचा.

टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीवर बघा. पिस्टन वर, कॉम्प्रेशनच्या फेरीत, रोटरवरची टी खूण केसवरच्या खुणेला जुळलेली. दोन्ही रॉकर बोटाने थोडे हलले पाहिजेत; हलत नसतील तर तुम्ही एक्झॉस्टच्या फेरीत आहात, अजून एक पूर्ण फेरा द्या. फिलर गेज किंचित अडत सरकलं पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. "टकटक आवाज येतोय, टाइट करून द्या" हा गॅरेजमधला नेहमीचा संवाद घातक आहे. थोडा सैल टॅपेट आवाज करतो एवढंच. टाइट टॅपेट आवाज न करता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतो. गरम झाल्यावर गाडी बंद पडते, पुन्हा सेल्फवर लवकर लागत नाही, थंड झाली की लागते असं होत असेल तर आधी टॅपेट बघा. करिझ्माला आणि आर-१५ ला स्क्रूचे टॅपेट आहेत, घरी जमतात. सीबीआर २५०आर ला शिम आहेत. ते काम जाणकाराकडेच द्या.

पेट्रोलची वाट

जिल्ह्यातल्या कारखान्यांत उसापासून इथेनॉल बनतं आणि तेच पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, होऊन परत आपल्या टाकीत येतं. या गाड्या तयार झाल्या तेव्हा एवढं इथेनॉल गृहीत धरलेलं नव्हतं. त्यामुळे तीन गोष्टी होतात. जुने रबरी पाइप आणि ओ-रिंगा फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि जास्त दिवस उभ्या गाडीत पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी बसून पत्रा गंजवतो. आणि कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. उपाय साधे आहेत: पेट्रोलचे सगळे पाइप एकदा इथेनॉल चालणाऱ्या नव्या पाइपांनी बदला, पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत ओली हवा कमी राहील, आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा.

कार्बोरेटर साफ करणे म्हणजे बाहेरून स्प्रे मारणे नव्हे. उभ्या राहिलेल्या करिझ्मात सर्वात आधी बुजतो तो पायलट जेट, कारण त्याचं भोक सर्वात बारीक. लक्षण ठरलेलं: चोक ओढला की चालते, चोक सोडला की बंद, वेगात मात्र ठीक.

कार्बोरेटर काढल्यावर पहिल्यांदा वरचं झाकण उघडून डायफ्रॅम आणि स्लाइड बाहेर काढा. क्लीनरचा थेंब लागला तरी तो रबर सुजतो. उजेडासमोर ताणून बघा. टाचणीएवढं भोक असलं तरी स्लाइड उचलली जात नाही आणि रेस पूर्ण दिली तरी गाडी एका वेगापुढे जात नाही. मग हवा-पेट्रोलचा स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने पूर्ण आत बसवत किती फेरे लागले ते मोजून लिहून ठेवा. स्क्रूखाली स्प्रिंग, बारीक वॉशर आणि ओ-रिंग असते. ती इवलीशी ओ-रिंग आतच अडकून राहते आणि पुढच्या स्प्रेने कुठेतरी उडते. पायलट जेट आणि मेन जेट बरोबर मापाच्या पेचकसनेच काढा, पितळेची खाच फाटली तर संपलं. जेट डोळ्यासमोर उजेडाकडे धरा: पूर्ण गोल, धारदार कडेचा उजेड दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर अजून घाण आहे. क्लीनरमध्ये बुडवून ठेवा, मग कॉम्प्रेसरची हवा मारा. टाचणी किंवा स्टीलची तार घातली तर भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. वायरमधली तांब्याची एकच मऊ काडी फार तर चालते.

बसवल्यावर गाडी दहा किलोमीटर फिरवून गरम करा. स्लो साधारण १,४०० आरपीएमला ठेवा, हवा-पेट्रोलचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत स्लो सर्वात जास्त कुठे चढतो ती जागा शोधा, मग रेसच्या स्टॉप स्क्रूने पुन्हा १,४०० ला आणा. तरीही रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट येत असेल तर कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबरी मॅनिफोल्डला भेग आहे का बघा.

आर-१५ वर किल्ली फिरवली की टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू आली पाहिजे आणि इंजिनचा दिवा लागून विझला पाहिजे. गुणगुण नसेल तर आधी फ्यूज, मग पंपाचा कनेक्टर, मग पंप. थ्रॉटल बॉडी साफ करताना आतल्या फिरत्या पातीचा (बटरफ्लायचा) स्टॉप स्क्रू आणि कडेचा सेन्सर यांना हात लावू नका. तो एकदा हलला की स्लो जुळत नाही आणि मिस्त्री सरळ ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, दोष देतात. एअर फिल्टर मात्र दोन्ही गाड्यांत वेळेआधी बदला. हंगामात ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवर जी बारीक धूळ उडते, त्यात कंपनीचा अंतराचा आकडा टिकत नाही. निम्म्या अंतरावर उघडून बघा.

कूलंट

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालण्याची पद्धत बंद करा. क्षारांचा थर बारीक नळ्यांत बसतो आणि तो निघत नाही. इथिलिन ग्लायकोलचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे, दर दोन वर्षांनी नवं. इंजिन थंड असतानाच कॅप उघडा. पंपाखालचा बोल्ट काढून जुनं सोडा, डिस्टिल्ड पाण्याने एकदा धुवा, नवं हळूहळू भरा, कॅप उघडी ठेवून इंजिन चालवा आणि पाइप हाताने दाबत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत पातळी खाली जात राहते. नंतर गाडी जागेवर चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत पंखा लागला पाहिजे. तापमानाचा दिवा लागेपर्यंत पंखा फिरला नाही तर इंजिन बंद करून रिले आणि स्विच तपासा. वॉटर पंपाच्या खाली एक छोटं भोक असतं; तिथून कूलंटचा थेंब येत असेल तर पंपाचं सील गेलंय. ते भोक बुजवून गळती थांबवणारे महाभाग आहेत. मग कूलंट इंजिन ऑईलमध्ये उतरतं. वॉशिंग सेंटरवर प्रेशरची गन रेडिएटरवर मारू देऊ नका, पाती वाकतात.

चेन-स्पॉकेट

आर-१५ सारख्या गाडीची ४२८ ची चेन असेल तर ताणून धरून वीस दुवे मोजा, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत. नवी २५४ मिलिमीटर भरते. २५९ च्या पुढे गेली तर चेन आणि दोन्ही स्पॉकेट एकत्र बदला. जुन्या स्पॉकेटवर नवी चेन लवकर झिजते. सैलपणा खालच्या बाजूला मध्यावर मोजायचा. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, सर्वात ताणलेल्या जागी सेट करा. आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो, बहुतेक गाड्यांत २५ ते ३५ मिलिमीटर. जास्त ताणली तर माणूस बसल्यावर ती तारेसारखी होते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. रॉकेल किंवा चेन क्लीनरने मऊ ब्रशने धुवा (पेट्रोलने ओ-रिंगा कडक होतात), पुसा, आणि ९० नंबरचं गिअर ऑईल आतल्या बाजूने लावून जादा पुसून टाका. उन्हाळ्यात ५०० किलोमीटरला; गगनबावडा-राधानगरीच्या पावसात दर मोठ्या फेरीनंतर. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसायची नाही. त्यात बोटं जातात, आणि हे सांगूनही लोक करतात.

वायरिंग

मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. चालू गाडीत ४,०००-५,००० आरपीएमला १३.८ ते १४.८. त्याहून कमी असेल तर स्टेटर किंवा कनेक्टर; १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर गेलाय आणि तो बॅटरी, बल्ब, ईसीयू सगळं उकडणार. नवी बॅटरी टाकण्याआधी हे मोजलंच पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांत दुसरी बॅटरी. आधीच्या मालकाने हॉर्न, फॉग लाइट, रिव्हर्स म्युझिक काय काय जोडलेलं असतं. ते सगळं उपटून मूळ वायरिंग मोकळं करा. हिरवे पडलेले कनेक्टर क्लीनरने घासून बसवा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली सापडली तर ती का गुंडाळली हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चालवताना

सेल्फ मारून लगेच रेस पिळू नका. मिनिटभर स्लो, मग पहिले तीन-चार किलोमीटर ५,००० च्या आत. पण गरम झाल्यावर उलटी चूकही नको. आर-१५ चा जोर ७,००० च्या पुढे आहे. ॲव्हरेजसाठी पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये २,५०० वर ओढत पन्हाळा चढवला तर क्रँकच्या बेअरिंगवर जोर येतो. चढाला गिअर खाली टाका आणि इंजिन फिरू द्या. उतारालाही ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे सगळा भार ब्रेकवर टाकतात. वळणाआधी थोडा वेळ जोरात ब्रेक आणि मग पूर्ण सोडणे, असं करा. सतत हलका पाय ठेवून उतरलं तर डिस्कला थंड व्हायला उसंत मिळत नाही. महाद्वार रोडच्या गर्दीत हवेवर थंड होणारी गाडी अर्ध्या क्लचवर रांगवू नका. थांबलात की न्यूट्रल, जास्त वेळ लागणार असेल तर बंद.

गळीत हंगामात शेतातून ट्रॉली रस्त्यावर येते तिथे ओला चिखल आणि चिरडलेला ऊस पसरलेला असतो. अरुंद टायरच्या हलक्या गाडीला तिथे पुढचा ब्रेक नको. रात्री बिनदिव्याच्या ट्रॉल्या असतात. जुन्या गाडीचा पिवळा पडलेला हेडलाइट पॉलिश करून घेतला तरी बराच फरक पडतो.

पुराचं पाणी गाडीत शिरलं असेल, आणि २०१९, २०२१ नंतर अशा गाड्या बाजारात आल्याच, तर सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, प्लग काढून इंजिन हाताने फिरवा, सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल सोडा. टाकी, कार्बोरेटर, एअर बॉक्स रिकामे करा. इंजिन ऑईल बदला, दहा मिनिटं चालवून पुन्हा बदला. दुधी रंग राहिला तर तिसऱ्यांदा. चाकांची बेअरिंग, कोनसेट आणि स्विंगआर्मचे बुश लगेच बदला, कारण गाळ आत राहून ती महिन्या-दोन महिन्यांत आवाज करू लागतात. विकत घेताना सीटखाली, हेडलाइटच्या आत आणि फ्रेमच्या भोकांत वाळलेला गाळ बघा. फेअरिंग धुवून चकाचक केलेलं असतं. या जागा कुणी धूत नाही.

कागदपत्रं

आरसी नोंदणीपासून १५ वर्षांची. म्हणजे २०१० ची गाडी २०२५ मध्ये संपली. पुढे फिटनेस तपासून आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. अर्ज मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून करता येतो. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीलाही हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. तपासणीला मूळ सायलेन्सर, चालू इंडिकेटर, दोन्ही आरसे आणि चेसिस नंबर स्पष्ट वाचता येणं गरजेचं. आर-१५ असो वा करिझ्मा, चेसिस नंबर स्टिअरिंगच्या नळीवर असेल तर तिथली माती आणि गंज आधीच हलक्या हाताने साफ करून ग्रीसचा हात फिरवून ठेवा. खरवडून आकडा पुसट केला तर काम कित्येक पटींनी वाढतं. आणि सौद्याच्या दिवशीच इंजिन नंबर आरसीशी जुळवून घ्या. या वयाच्या गाड्यांत इंजिन बदललेलं असणं काही दुर्मीळ नाही.